अप्पांचा दाखला

पैज लागली आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर. साल त्र्याण्णव, सकाळची दुसरी कॉफी. शेजारचा हनुमंतराव म्हणाला, "आता डॉक्टरनं स्वतः प्रेत बघितल्याशिवाय मरणाचा दाखला नाही. आणि दाखल्याशिवाय घाटावर काडी पेटणार नाही."

सहा वर्षं अर्ज खरडून त्यानं हा नियम आणवला होता. त्याच्या आत्याला घाटावर तिरडीवरच शिंक आली होती, तेव्हापासून हाच ध्यास.

मला हसू आलं. आमच्या सुब्रमण्यम डॉक्टरांना मी ओळखत नाही होय? कोणी रडत गेलं की खुर्चीतनं न उठता लिहितात, हृदय बंद पडलं. चाळीस वर्षांत आमची आख्खी वीदी, म्हणजे गल्ली, एकाच रोगानं गेली. नारळाच्या झाडावरून पडलेला नटराजसुद्धा!

"दुपारच्या आत दाखला आणतो," मी म्हणालो. "प्रेत न दाखवता."

"कुणाचा?"

"आमच्या अप्पांचा."

अप्पा, वय चौऱ्याऐंशी, झोपाळ्यावरनं म्हणाले, "आण की. कोण कोण रडतंय ते मलाही बघायचंय."

"हरलास तर मिशी," हनुमंतराव म्हणाला. "इथंच, चारचौघांत."

आता मिशी म्हणजे चेष्टा नाही. आमच्यात बाप गेल्यावरच उतरते. त्यात माझी अशी, की दोन्ही टोकांना लिंबं ठेवा, पडायची नाहीत. वत्सला आतनं ओरडली, "अहो, असल्या गोष्टीची पैज कसली?" पण तोवर मी हात दिलेला.

डोळ्यांना कांदा चोळून दवाखान्यात गेलो. "डॉक्टर, अप्पा गेले."

"अय्यो." त्यांनी पेन उचललं. नाव लिहिलं, वय लिहिलं. 'कारण' या रकान्यावर पेन टेकलं. माझी मिशी आपोआप वर चढली. आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चल."

"कुठं?"

"बघायला. नवा नियम आहे, एकोजी."

"उन्हात कशाला त्रास?"

"अरे, त्यांना शेवटचं बघू तरी दे," म्हणत ते माझ्या मोपेडवर मागं बसलेसुद्धा.

तोवर अप्पांना आडवं व्हायची बुद्धी होईल म्हणून मी मोठ्या देवळाला वळसा घातला. मग अजून एक. तिसऱ्या वळशाला डॉक्टर म्हणाले, "अप्पांना देवळातच ठेवलंय का रे?"

घरी अप्पा तिण्णैवर, हातात तिसरी कॉफी. डॉक्टर माझ्याकडं बघेचनात. नाडी धरली, डोळे बघितले, छातीला नळी लावली. सगळं रीतसर.

"आलाच आहात तर गुडघाही बघा," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी फॉर्म पुरा केला. 'स्वतः तपासले. जिवंत आहेत. कॉफी कमी करावी.' खाली सही, शिक्का.

हनुमंतरावानं गुरुमूर्ती न्हाव्याला आधीच बोलावून बसवलेलं. अर्ध्या वीदीसमोर वस्तऱ्याचे चार हात, आणि वीस वर्षांनी माझ्या ओठाला वारा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात अप्पांनी.

संध्याकाळी कोपऱ्यावर गेलो. फूलवाल्या सुंदरीनं माझं तोंड बघितलं, डोळे पुसले आणि एक मोठा हार हातात दिला. पैसे घेईना. मागनं कोणीतरी एसटीडी बूथवरनं फोन केला असणार, कारण साताच्या बसनं ओरत्तनाडूचे पाहुणे उतरले. तिण्णैवरच्या अप्पांना ओलांडून आत गेले आणि वत्सलाला विचारलं, "कुठं ठेवलंय?"

"अहो, बाहेर बसलेत ते," मी म्हणालो. पण मिशी उतरलेल्या माणसाचं ऐकतंय कोण?

शेवटी अप्पांनीच हाक मारून त्यांच्यापुढं दाखला धरला. "हे वाचा. डॉक्टरांनी स्वतः बघितलंय."

पाहुण्यांनी सही तपासली, शिक्का तपासला, मगच त्यांचा विश्वास बसला. हनुमंतरावाला तर भरून आलं. सुंदरीचा हार मात्र अप्पांनी परत केला नाही. गळ्यात घालून चौथी कॉफी मागितली.