मागच्या सीटवरच्या इंदूताई

इंदूताई मोहित्यांना स्कूटरच्या पुढच्या सीटवर मी फारसं कधी पाहिलं नाही. त्या कायम मागे. डोक्याला लाल हेल्मेट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हात मांड्यांवर. पुढे बसलेल्या बाईचं लक्ष कुठे असतं ते देव जाणे, पण मागून इंदूताईंचा आवाज येत राहतो, "गाय. अकरा वाजता. तीस फूट. बसलेली आहे, उठायची नाही."

अकरा म्हणजे घड्याळातल्या आकड्याची दिशा, समोर किंचित डावीकडे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. स्कूटर शिकायला लागल्याच्या पहिल्या दिवशी हे ऐकून मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अहो इंदूताई, आत्ता साडेसातच वाजलेत," असं म्हणेपर्यंत स्कूटर भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकली. गवारीचा ढीग घसरला. मी मागे वळून बघते तर सीट रिकामी. इंदूताई दहा पावलं मागे, रस्त्याच्या कडेला सावधानच्या पवित्र्यात उभ्या.

"तुम्ही उडी मारलीत?"

"मग? मागचा आधी बाहेर पडतो. नियमच आहे. दोन सीटच्या फायटरमध्ये खुर्चीखाली रॉकेट असतं. पुढचा आधी उडाला तर त्याच्या जाळात मागचा भाजेल. म्हणून आधी मागचा, मग लगेच पुढचा."

"पण पुढची तर अजून इथेच आहे!"

"तुझ्या खुर्चीखाली रॉकेट नाही, त्याला मी काय करू?" असं म्हणून त्या भाजीवाल्याबरोबर गवार उचलायला बसल्या.

इंदूताई बडोद्यात आमच्या गोत्रीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. मूळच्या जुन्या शहरातल्या, पाणीगेटच्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि ही गोष्ट त्या ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत सांगतात. मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मृणाल नागपूरला एका विमा कंपनीत. निवृत्त बाईने भजनी मंडळात जावं, गुडघ्यांना तेल लावावं. इंदूताईंनी सोसायटीतल्या आणि आसपासच्या बायकांना स्कूटर शिकवायला घेतली. आणि शिकवायची भाषा घेतली लढाऊ विमानाची.

तेही साधंसुधं विमान नाही, दोन सीटचं. एका सीटच्या विमानाविषयी त्यांचं मत चांगलं नाही. "एकट्याने काय काय बघायचं? उडवायचं, का रडार बघायचं, का निशाणा धरायचा? दोन सीटचं मशीन म्हणजे संसार आहे. पुढच्याने उडवावं, मागच्याने चहूकडे लक्ष ठेवावं, आणि वेळ आली तर मागच्यालाही उडवता आलं पाहिजे."

मी शिकायला गेले ती नाइलाजाने. मी अलकापुरीत एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर काम करते. माझे मिस्टर मला रोज सोडायचे. त्यांची बदली भरूचला झाली आणि त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मला चालत जाण्यापलीकडे काहीही चालवता येत नाही.

इंदूताईंची फी नाही. अट एकच. घरी कुणाचा विरोध असेल तर तो लपवायचा नाही. "मला सांग, मी येऊन बोलते." आमच्या शेजारच्या हेतलबेनच्या सासूबाईंचा विरोध होता. इंदूताई त्यांच्याकडे सकाळी दहाला गेल्या आणि एक वाजता बाहेर आल्या. आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः हेतलच्या हेल्मेटचा पट्टा बांधत होत्या.

शिकवणी मात्र कडक. गोल सर्कलला वळायच्या आधी मागून हुकूम यायचा, "पोट आवळ! पाय आवळ! श्वास धर!" का, तर फायटर जोरात वळतं तेव्हा शरीराचं वजन नऊपट होतं, रक्त डोक्यातून पायांकडे धावतं, माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. "तुझं वजन किती? अडुसष्ट ना? म्हणजे वळणावर सहाशे बारा किलो!" हे त्या भर चौकात, हेल्मेटमधून ऐकू जावं म्हणून ओरडून सांगायच्या. शेजारचा रिक्षावाला माझ्या स्कूटरच्या टायरांकडे काळजीने बघायला लागला. आमचा वेग तेव्हा ताशी बारा किलोमीटर होता.

पेट्रोल पंपावर मला स्कूटर स्टँडला लावता येईना. इंदूताई हात बांधून उभ्या. "तिकडे वर आकाशात चालत्या विमानाच्या नळीला नळी लावून पेट्रोल पाजतात. दोन्ही विमानं उडताहेत, खाली समुद्र, आणि एक थेंब सांडत नाही. आणि तुला उभ्या जमिनीवर उभी गाडी उभी करता येत नाही!" पंपावरचा माणूस पाइप हातात धरून ऐकत राहिला. मागे रांग लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी ताटातच विमान मांडलं. दोन वाट्या म्हणजे दोन इंजिनं. "एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येतं, बराबर?" त्रिकोणी कापलेली पुरी म्हणजे पंख. नाकाजवळ बडीशेपेचे दोन दाणे, म्हणजे पुढचे छोटे पंख. रडार एकाच वेळी कितीतरी लक्ष्यं कशी धरून ठेवतं ते दाखवायला त्यांनी सगळ्या बायकांवरून एकेक नजर फिरवली. वेगावर आल्या तेव्हा म्हणाल्या, "बडोद्याहून उडालं तर चार-पाच मिनिटांत सुरत. आवाज मागून येतो, विमान आधी निघून गेलेलं असतं." हेतलबेन ढोकळ्याच्या ताटाकडे बघत हात जोडून म्हणाली, "मोहितेबेन, ए बधुं बराबर, पण ढोकळां ठंडां थाय छे."

मला वाटायचं, बाई एकटी आहे, फोनवर असले व्हिडिओ बघत बसते, त्यातून लागलं असेल वेड. माणसाला काहीतरी लागतं. मी कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांत मी शिकले. लायसन्स मिळालं त्या दिवशी इंदूताईंनी मला सलाम ठोकला आणि लगेच पुढच्या विद्यार्थिनीच्या मागे जाऊन बसल्या.

मग दसऱ्याला मृणाल आली. आमच्या सोसायटीत दसऱ्याच्या सकाळी सगळे खाली जमून फाफडा-जलेबी खातात. मृणाल आईच्या शेजारी उभी होती. तिशीतली, उंच, आईसारखीच ताठ. सगळ्यांशी नीट बोलत होती, पण आईशी फक्त "चटणी हवी?" एवढंच.

आणि त्याच वेळी डोक्यावरून एक फायटर गेलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळ्यांनी आधी वर पाहिलं आणि मग, सवयीने, इंदूताईंकडे. आता अर्धा तास तरी सुटका नाही, अशी सगळ्यांची तयारी झाली.

हेतलबेन उत्साहाने म्हणाली, "मोहितेबेन, तमारुं प्लेन गयुं! एक सीटवाळुं के बे सीटवाळुं?"

इंदूताईंनी वर पाहिलंच नाही. जलेबीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मने शी खबर? मला काय ठाऊक? मेल्याने कान फोडले माझे."

हेतलबेनचा फाफडा हातात राहिला. मृणालने आईकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूताई माझ्याकडे आल्या. "मृणालला स्टेशनवर सोडशील? तिच्याजवळ एकच बॅग आहे." एरवी त्या हुकूम सोडतात. त्या दिवशी विचारत होत्या.

गाडीला वेळ होता. फलाटावर बाकावर बसल्यावर मृणाल म्हणाली, "काकू, एक विचारू? काल ते विमान गेलं तेव्हा सगळ्याजणी आईकडे का बघत होत्या?"

मी म्हटलं, "सहजच."

"सहज पंधरा बायका एकीकडे बघत नाहीत."

मला खोटं कधीच नीट जमलं नाही. मी चपलेकडे बघत राहिले. मग तीच सांगायला लागली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने हवाई दलाचा फॉर्म भरला होता. मुलींना लढाऊ विमानं मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती. लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीचं पत्र आलं. इंदूताईंनी जेवण सोडलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त तीन दिवस पाण्यावर राहिल्या. एकुलती एक मुलगी, वडील नाहीत. चौथ्या दिवशी मृणालने पत्र कपाटात ठेवून दिलं आणि आईला वरणभात वाढला.

"त्यानंतर आमच्या घरात विमान हा शब्द नाही," ती म्हणाली. "टीव्हीवर दिसलं तरी आई चॅनल बदलते. फार घाबरते ती."

"घाबरते?" माझ्या तोंडून निघून गेलं. आणि मग मी थांबलेच नाही. रडार सांगितलं, नऊपट वजन सांगितलं, ताटातल्या दोन वाट्या आणि त्रिकोणी पुरी सांगितली. भाजीच्या गाडीचं सांगितलं तेव्हा मृणाल मोठ्याने हसली, मग हसता हसता तिने ओढणी तोंडाशी धरली. गाडी आली. ती चढली. खिडकीतून हातही करायचा राहिला तिचा.

घरी येताना माझ्या लक्षात आलं, की जे इंदूताईंनी इतकी वर्षं जपलं ते मी फलाटावर बसून पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात इंदूताई. हेल्मेट नाही, बूट नाहीत, घरातल्या चपला.

"काय सांगितलंस माझ्या पोरीला?"

"सगळं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. डोळे सुजलेले दिसत होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं.

"सुरत सोडल्यावर तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाली, आई, ते नाकाजवळचे छोटे पंख कशासाठी असतात? मी म्हटलं, तोल सांभाळायला. तर म्हणते, तेवढंच नाही. झटकन नाक वर उचलायलाही लागतात, आणि कमी वेगात उतरताना आधार देतात." इंदूताई माझ्याकडे बघत राहिल्या. "तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे गं, सुनंदा. अजून वाचते ती. तिकडे एकटी बसून वाचते, आणि इकडे मी."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मग म्हणाली, तू एवढी घाबरायचीस, मग हे सगळं शिकलीस कशाला? मी म्हटलं, तुला जे करू नको म्हटलं, ते काय होतं, एवढं तरी मला माहीत नको का?"

"मग? काय म्हणाली?"

"काहीच नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "फोन चालूच होता. नुसता गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही."