मोबाईलची माती

पुसेगावच्या तातेरावांना त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांच्या लेकीला, प्रियंकाला पाहून गेलेले कनेरगाव नाक्याचे हरीशराव आज फोनवर होय-नाही कळवणार होते, आणि फोन नातवंडांच्या हातातून सुटेल तर शपथ. तिची दोन स्थळं आधीच मोडलेली. तातेरावांनी फोन हिसकावला.

"मोबाईल मेला आता. जा, आपलं आपण खेळा."

फोन भिंतीतल्या देवळीत ठेवून, माश्यांपायी तोंडावर धोतर ओढून ते ओट्यावर आडवे झाले.

लेकरं गुणाची. मेलेल्याला आधी आंघोळ घालतात, म्हणून त्यांनी फोन बादलीत बुडवून काढला. गुलाल लावला.

"जाळायचा का?" रुद्रनं विचारलं.

"येडा का? दोन सालाचा तर व्हता," थोरली राजनंदिनी म्हणाली. "लहान लेकरू जाळत न्हाईत, पुरतेत."

पेरूखाली पुरला. मग रिवाजाप्रमाणे स्वतः आंघोळी करून दोघं ओल्या कपड्यांनी दारात बसली. आता त्यांना खरंच रडू येत होतं.

शेजारच्या बेबीबाई ताक मागायला आल्या. "काय झालं रे?"

"मयत झाली, काकू," रुद्र हुंदका देत म्हणाला.

बेबीबाईंनी ओट्यावरचं झाकलेलं तोंड पाहिलं आणि पदर तोंडाला लावून घरी पळाल्या. त्यांचा नवरा देविदास म्हणजे या स्थळाचा मध्यस्थ. तेवढ्यात त्याला हरीशरावांचा फोन आला, तातेरावांचा लागत नाही म्हणून. "कसा लागंल?" देविदास रडतच म्हणाला. "गेले ते."

तातेराव उठले तेव्हा अर्धी गल्ली अंगणात होती. सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी देविदासाचा हात धरला.

"देविदास, त्यायला परत फोन लाव."

"काय सांगू? मेलेलं माणूस उठलं? अपशकून म्हणतेन. अन् त्यायची गाडी तर मयतीला निघाली."

गाडी आली. हरीशराव डोक्याला दस्ती गुंडाळून उतरले, मागं त्यांची बायको टोपलं घेऊन. समोर मयत हात जोडून उभी.

"चुकी माही हाय," तातेरावांनी सगळं सांगून टाकलं. "पण पाहुणं, काय ते आताच सांगा. लेक दाराआड उभी हाय. मला तिच्याकडं बघवत न्हाई."

हरीशरावांनी डोक्याची दस्ती सोडली. मग ओट्यावर टेकले.

"मयतीच्या घरी चूल पेटत न्हाई. कडू घास कोण आणतं?"

"सोयरे," तातेराव म्हणाले.

"मंग? पिठलं-भाकर आणली आमी. निवून राहिली, बसा."

तातेरावांनी स्वतःच्याच मयतीचा घास मुकाट्यानं तोंडात घातला. डोळे पुसत म्हणाले,

"मीठ बराबर हाय."