भुजंगराव रविवारी मरतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे भुजंगरावकाका दर रविवारी सकाळी साडेदहाला मरतात. दिवाणावर उताणे पडतात, दोन्ही हात छातीवर घेतात आणि जाता जाता मला बजावतात, "सुधीर, घड्याळ लाव. मी गेलो."

मग सुमनकाकूंनी दहा मिनिटांत मोबाईलवर शोधून काढायचं, की या माणसाचे पैसे कुठल्या बँकेत किती आहेत. तुम्हाला हसू येत असेल. मलाही यायचं, निरीक्षक म्हणून माझी नेमणूक होईपर्यंत.

काका वाळूजच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात होते. आग लागलेली नसताना ती लागलीय असं समजून हजार माणसांना उन्हात पळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बजाजनगरातली खोली सोडून ते गारखेड्यात राहायला आले, पण भोंगा काही अंगातून गेला नाही. "अपघात होत नसतो, करून घेतलेला असतो," हे वाक्य ते नासलेल्या दुधालाही लावतात.

गेल्या वर्षी त्यांचा कारखान्यातला एक जोडीदार वारला. त्याच्या बायकोला खात्यांचा काही पत्ता नव्हता. काका तिच्याबरोबर आठ महिने बँका फिरले. "लेका, नवऱ्याचं तिसरं खातं कसं कळालं माहितीये? बँकेचं कॅलेंडर घरी आलं म्हणून!" हे सांगताना ते गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागतात. तेव्हापासून त्यांना एका जागी बसवत नाही. आपली चारही खाती एका ठिकाणी दिसतील, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत आणि आपल्यामागं काकूंना चालवता येईल, असं ॲप त्यांना हवं होतं.

पहिलं ॲप मी सुचवलं. या घरात मी तज्ज्ञ. एकदा त्यांचा टीव्ही मी प्लग काढून, परत लावून दुरुस्त केला होता. त्याच महिन्यात पार्सल अडकलंय म्हणून आलेल्या लिंकवर मी दोन हजार रुपये घालवले होते, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ॲप एकेक प्रश्न विचारत गेलं आणि मी सासऱ्यांसमोर बसलेल्या जावयासारखा प्रत्येकाला हो म्हणत गेलो.

पंधरा मिनिटांत पैठणहून काकांच्या मेव्हण्याचा फोन.

"दाजी, आर्थिक प्रवासाला कुठं निघालात? मला बी आमंत्रण आलंय!"

आमंत्रण दूधवाल्यालाही गेलं होतं, कारखान्याच्या जुन्या मॅनेजरलाही गेलं होतं. काकांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं.

"बँकेतले पैसे बघायला ह्याला मेव्हण्याचा नंबर कशाला पायजे? आन् तू व्हय म्हणालास?"

"सवयीनं."

"अपघात होत नसतो..."

"करून घेतलेला असतो," मी खाली मान घालून वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या ॲपनं नेटबँकिंगचा पासवर्डच मागितला. काका म्हणाले, "हा घराची किल्ली मागतोय आन् म्हणतोय, फक्त खोल्या मोजतो." तिसरं एकदम फुकट होतं. काकांनी त्याच्या मदत केंद्राला फोन लावला आणि विचारलं, "ताई, हे फुकट हाय, तर तुमचा पगार कोण करतंय?" ताईंनी त्यांना थांबायला सांगितलं. काका चाळीस मिनिटं फोनवरची बासरी ऐकत गॅलरीत फिरले आणि मग ॲप काढून टाकलं.

चौथं मात्र शहाणं निघालं. खात्यात काय आहे ते खातेदाराच्या मंजुरीनं फक्त दाखवायचं, पैसे हलवायची सोयच नाही, आणि दिलेली मंजुरी वाटेल तेव्हा काढून घेता येते. काकांनी सगळ्या अटी मला मोठ्यानं वाचायला लावल्या, दोनदा. रविवारी ते आनंदानं मेले.

काकूंनी त्यांचा मोबाईल उचलला. तो कुलूपबंद. काकूंनी क्षणभर विचार केला, मयताचा अंगठा धरला आणि पडद्यावर दाबला.

"फाऊल!" मयत ओरडलं. "मेलेल्या माणसाचं बोट चालत नसतं!"

"मग मेलेल्या माणसानं बोलू बी नये," काकू म्हणाल्या.

मग तीन आठवडे काका बँकांच्या पायऱ्या झिजवत होते. चारही खात्यांवर काकूंचं नाव चढवलं, आणि तेच ॲप काकूंच्या मोबाईलवर, काकूंच्या नावानं घेतलं. परवानग्यांची बटणं काकांनी स्वतः तपासली. मला दोन हात लांब बसवलं होतं.

पुढच्या रविवारी काकूंच्या भाचीचा पैठणला साखरपुडा होता. काकू पदराला पिन लावून, पर्स घेऊन दारातच उभ्या. साडेदहाला काका गेले. काकूंनी उभ्याउभ्या मोबाईल काढला, चारही खात्यांतली रक्कम पैशांसकट वाचून दाखवली आणि वर म्हणाल्या, "चौथ्या खात्याला वारस लावलेला नाय अजून. तेवढं उद्या करा. जाऊ मी? बस चुकंल." आणि गेल्यासुद्धा.

"काका, उठा. पास!"

काका उठले नाहीत. पंख्याकडं बघत पडून राहिले.

"किती लागले?"

"एक मिनिट पन्नास सेकंद."

"एवढ्यात?"

मला वाटलं होतं, आता पेढे येतील. काका उठून बसले, गॅलरीत दोन फेऱ्या मारून परत आले. "म्हंजे तिला जमतंय."

"मग काय!"

"माझ्यावाचून."

अशा वेळी गप्प बसायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "काका, आता तुम्ही मरायला मोकळे!"

ते हसले, पण त्या दिवशी चहा विचारला नाही. मी निघालो तेव्हा हळूच म्हणाले, "सुधीर, ते ॲप काढून टाकू. लई बारीक अक्षरं हायेत त्याची. दुसरं बघ एखादं."

दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला पहिल्याच दिवशी आलं होतं रे," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना तेवढंच तर काम उरलंय. काल बसची घाई झाली, अन् मी येड्यासारखी घडाघडा वाचून मोकळी झाले."

परवाच्या रविवारी मोठ्या अक्षरांचं नवं ॲप होतं. काका मेले. काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. चार मिनिटं गेली, सात गेली.

"अहो, हे कुठं दाबायचं?"

दिवाणावर सामसूम.

"अहो, हे लाल लाल काय आलं? सगळे पैसे गेले का काय?"

काका ताडकन उठले आणि काकूंना खेटून बसले. "दाबू नको! आधी वाच. घाबरायचं नाय, मी हाय ना. हे बघ, इथं आपली खाती. इथं बोट ठिव. हां."

काकूंनी मान डोलावली आणि ते सोडून शेजारचंच बटण दाबलं. "हे का?"

"अगं, ते नाय!" म्हणत काकांनी त्यांचं बोट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

काकूंनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मीही मग खिडकीबाहेर बघत बसलो.