तात्यांची लाल खूण

आमच्या डेअरीची भिंत रंगवून झाली आणि खंडूतात्या तिच्याकडे पाठ करून सरळ चालू लागले. मी हाका मारल्या, पण ऐकतील तर शपथ. एमआयडीसीचा रस्ता ओलांडून पलीकडच्या ज्वारीत शिरले, बांधावर चढले, गर्रकन वळले आणि डोळे किलकिले करून ओरडले, "वळखलं!"

जळोची गावचे हे पेंटर आपलं प्रत्येक काम असंच तपासायचे. "जवळनं काय, कुनीबी देखणं दिसतंय," असं माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे. माणसांची नावं ते लक्षातच ठेवत नसत. मी अंगाने आडवा आणि निळ्या सफारीतला, म्हणून मी 'निळा चौकोन'.

डेअरीच्या साहेबांना लोगोत गाय, वासरू, ऊस आणि उगवता सूर्य असं सगळंच हवं होतं. तात्या म्हणाले, "सायेब, एवढी गर्दी बाजाराला बी नसती." त्यांनी पांढऱ्यावर एकच लाल अर्धा गोल काढला. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून पाठीवर हीच खूण मारत. "धुरळ्यात मेंढरू दिसत न्हाय, खूण दिसती." घरची खूण त्यांनी आम्हाला देऊन टाकली. पुढे बाया दुकानात 'लाल खुणंचं दूध' मागू लागल्या, तेव्हा तात्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. आमचा टेंपो दिसला की हातातला चहा ठेवून उठून उभे राहायचे.

मग त्यांची बायको, हिराकाकी, विसरू लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग मुलीचं नाव, मग घर. तात्यांनी घराच्या दारावर तीच खूण काढली. काकींचा अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. खूण दिसली की त्या बरोबर आत शिरायच्या.

पण ती खूण आमच्या टेंपोवरही होती आणि डेअरीच्या भिंतीवर तर घराएवढी होती. एकदा काकी टेंपोत कॅनांमध्ये बसून थेट इंदापूरला पोचल्या. ड्रायव्हरने परत आणून सोडलं, आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या वेळी त्या भर उन्हात इंदापूर रस्त्याच्या कडेला सापडल्या. टेंपोमागे अनवाणी धावून तळपाय सोलून निघाले होते. तेव्हा कोणी हसलं नाही.

तात्या साहेबांपुढे उभे राहिले. "खूण बदला. समदं मी फुकाट रंगवून देतो."

"तात्या, आता कशी बदलायची? लोक दूध त्या खुणेवरच घेतात."

तात्या वळून गेटकडे निघाले. ही गोष्ट त्यांनीच साहेबांच्या गळी उतरवली होती. मला साहेबांचा राग आला, पण त्यांचं चुकतही नव्हतं.

मग तात्यांनी आपल्या दारावरची लाल खूण पुसून हिरवा त्रिकोण काढून पाहिला. काकी त्याच्यासमोरून सरळ निघून आमच्या भिंतीखाली येऊन बसल्या. रोजच येऊ लागल्या. शेवटी तात्यांनी ब्रश ठेवून दिला, आमच्याकडे राखणदाराची नोकरी मागितली आणि गेटशेजारच्या खोलीत चूल मांडली. "तिनं ह्ये घर वळखलंय. मंग मला बी हितंच ऱ्हायाला पायजे," म्हणाले.

एका संध्याकाळी मी घरी निघालो, तर काकी भिंतीखाली बसल्या होत्या आणि तात्या समोर भाकरीचा घास धरून बसले होते. काकींनी तोंड फिरवलं.

"कोन हाय तुमी? सरका तिकडं. आमचं मालक येतील आता."

तात्या जरा बाजूला सरकले.

"व्हय, येतील की," ते म्हणाले. "तवर दोन घास खा."