एकनाडीवर बुरशीचा उतारा

व्याख्याते साहेब, माझ्या मुलीचं लग्न तुम्ही धोक्यात आणलंत! तोंडावर सांगतो. शनिवार पेठेतल्या सभागृहात ‘बुरशी जोडीदार कसा निवडते’ यावर तासभर बोललात आणि चहा पिऊन निघून गेलात. निस्तरायचं आम्ही?

मी नववीत शाळा सोडली, पण ऐकलेलं विसरत नाही. तिथंच घात झाला!

पूर्वाला केदार पसंत, केदारला पूर्वा. अडचण एकच, पत्रिकेत एकनाड. दोघांची नाडी सारखी, म्हणजे लग्न वर्ज्य! केदारचे वडील श्यामसुंदरराव बायको-मुलासह नकार सांगायलाच कात्रजला आमच्या घरी आले होते. बायकोला म्हटलं, “वासंती, तू पोहे आण. शास्त्रानं गार करतो त्यांना!”

“अहो, तुम्ही गप्प बसा, तेच शास्त्र.”

ऐकलं असतं तर!

“आता बुरशीचंच घ्या,” मी सुरुवात केली.

केदारच्या आईचा चमचा थांबला. “कोणाला बुरशी म्हणताय?”

“छे हो! बुरशीत जोडी जमते ती वेगळ्या प्रकाराशी. सारख्याचं सारख्याशी जुळतच नाही!”

“म्हणजे बुरशीसुद्धा एकनाड पाळते,” श्यामसुंदरराव म्हणाले. “आपणच पाळत नाही.”

मला दरदरून घाम फुटला! दारातून पूर्वा अशी बघत होती, की पोह्यांत तोंड लपवावंसं वाटलं. घाईनं म्हणालो, “पण एकेका बुरशीत वीस-वीस हजार प्रकार! जवळपास कोणाचंही कोणाशीही जमतं! आपल्या नाड्या तीनच. माणसानं करायचं काय?”

“आणि एकदा जमलं की जन्मभर ना?” केदारच्या आईनं आशेनं विचारलं.

इथं ‘हो’ म्हणायचं होतं! पण डोक्यात तुमचं व्याख्यान भोंग्यासारखं वाजत होतं. “कसलं हो! जमलेली जोडी शेजारच्या एकटीला गाठते, आणि ती एकटी दोघांतला हवा तो निवडते!”

खोलीत पंखासुद्धा दबकून फिरायला लागला. वासंतीनं कपाळाला हात लावला. केदार मात्र खो खो हसत सुटला. “बाबा, लग्न करीन तर इथंच!”

श्यामसुंदररावांनी पाण्याचा पेला संपवला. “मुलगा ऐकणार नाही, दिसतंच आहे. सोडली एकनाड. पण एक अट. साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत मुलीच्या वडिलांनी तोंड उघडायचं नाही.”

“मान्य!” पूर्वानं परस्पर सांगूनही टाकलं!

तर साहेब, मुहूर्त ठरलाय. कन्यादानाचा संकल्प बापानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचा असतो. गुरुजी म्हणतात, मुका संकल्प चालणार नाही. तुमच्या बुरशीत मुलीच्या बापाचं काय करतात? सांगा!