दिवाकररावांनी पास केलेली फुलदाणी

"लोखंडाच्या आतलं काही दिसत नाई, तरी मी तीस वर्षं ते पास-फेल केलं. काच तर आरपार दिसते. तिले काय लागते?" दिवाकरराव बायकोला, इंदूला, म्हणाले.

दिवाकरराव रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. नमुना घ्यायचा, स्टँडर्डशेजारी ठेवायचा, मोजायचा. जुळला की पास, नाही जुळला की फेल. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. गल्लीत येणारी भाजीवाली कांताबाई तर त्यांना लांबून पाहिलं की टोमॅटोच्या टोपलीवर गोणपाट टाकायची.

आता प्रकरण असं होतं. इंदूजवळ तिच्या आईची एक फुलदाणी होती. निळी, पोटात सोनेरी बुडबुडे, तोंडाला झालर. रेल्वेतल्या कुणा साहेबानं बदलीवर जाताना ती बाबांना दिली होती. परदेशी कारागिरानं नळीतून फुंकून हातानं घडवलेली, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आई गेल्यावर ती इंदूकडे आली आणि धाकटी लता रुसली. थोडीथोडकी नाही, एकवीस वर्षं. दुर्गहून यायची, चहा प्यायची, फुलदाणीकडे पाहायची आणि म्हणायची, "चांगलं हाये बाई. तुह्याजवळ तरी आई हाये."

परवा शंकर नगरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात इंदूला हुबेहूब तशीच फुलदाणी दिसली. रविवारी लता यायची होती. ही तिला देऊन टाकावी, म्हणजे दोघींजवळ एकेक होईल, असं तिच्या मनानं घेतलं. एवढंच होतं. पण ते तिनं नवऱ्याला सांगितलं.

"पाहिल्याशिवाय घ्यायची नाई," दिवाकरराव म्हणाले. "बाजारात नकली माल किती हाये, तुले माहीत नाई. मी चौदा व्हिडिओ पाहिले. घरची फुलदाणी सोबत घे. ते आपलं स्टँडर्ड."

"आईची? दुकानात नेऊ?"

"स्टँडर्डाशिवाय टेस्ट होत नाई, इंदू."

दुकानदार शेखर मूळ अमरावतीकडचा. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. दिवाकररावांनी त्याच्या काउंटरवर पिशवी रिकामी केली. नोटा तपासायची टॉर्च, भिंग, जाडी मोजायचा व्हर्नियर, पुण्याला शिकणाऱ्या लेकीचं, अनुश्रीचं, नेलपॉलिश काढायचं औषध, आणि इंदू सकाळपासून शोधत होती तो स्वयंपाकघरातला वजनकाटा.

शेखर बघत राहिला. "सर, आप लेने आए हो कि छापा मारने?"

दिवाकरराव अशा बोलण्याकडे लक्ष देत नसत. त्यांनी आईच्या फुलदाणीच्या बुडाला मार्करनं '१' काढला, दुकानातलीच्या बुडाला '२'. टॉर्च मारली, दोन्ही सारख्या चमकल्या. वजन केलं, काटा दोन्हीला एकाच जागी थांबला. मग मान, तोंड, बूड मोजलं आणि आकडे मोठ्यानं म्हणून दाखवले, जणू शेखर ते लिहून घेणार होता.

तेवढ्यात इंदूचा फोन वाजला. लता होती. इंदू बाहेर रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली.

"ताई, मी रविवारी येऊन राहिली. पण एक सांगते. फुलदाणीचं मी आता काही बोलणार नाई. आई तुह्याजवळच बरी. मह्या घरी नातवानं केव्हाच फोडली असती."

एकवीस वर्षांनी. इंदूला भर रस्त्यात डोळ्यांना पदर लावावा लागला.

आत आली तेव्हा दिवाकररावांचा चेहरा फुलला होता. काउंटरवर दोन फुलदाण्या कधी नव्हत्या तशा झळकत होत्या.

"पास. रंग वरून मारला असता तर या औषधानं निघाला असता. आतून बाहेरून दोन्ही घासल्या, कणभर निघाला नाई. एकीच्या आत पांढरी रेघ होती पाण्याची, तेवढी गेली."

ती रेघ आईच्या फुलांच्या पाण्याची होती. एकवीस वर्षं इंदूनं फुलदाणी बाहेरून पुसली, आत कधी फडकं घातलं नव्हतं.

"आपली कोणती?" तिनं विचारलं.

दिवाकररावांनी ऐटीत एक फुलदाणी उलटी केली. बूड कोरं. दुसरी उलटी केली. तेही कोरं. मार्कर याच औषधानं निघतो, हे लॅबच्या माणसाला माहीत असतं. फक्त ते त्यांना आत्ता आठवलं.

"भैया, तुम्ही तर इथंच होते ना?"

"दीदी, मैं तो उधर ग्राहक से बात कर रहा था."

इंदूनं एक हातात घेतली, मग दुसरी घेतली. दोन्हींच्या झालरीवरून बोट फिरवलं. डोळे मिटून वास घेतला. दोन्हींना नेलपॉलिशच्या औषधाचा वास येत होता.

"दोन्ही घेऊन जाऊ," ती हळूच म्हणाली. "परवा तुम्ही दोन हजार बोलले होते."

"वो बिना टेस्ट का रेट था, दीदी. अब तो सर ने खुद पास किया है, इतनी मशीन लगाके. पाँच लगेगा." शेखर अगदी प्रेमानं बोलत होता. "नहीं जमता तो कोई बात नहीं. आप अपनी वाली ले जाओ."

आपली वाली. इंदूनं पर्स उघडली.

परतीला ती स्कूटरवर मागे बसली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन फुलदाण्या जुळ्या पोरांसारख्या मांडीवर घेऊन. घराकडच्या, नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर दिवाकररावांची स्कूटर हळू होत होत थांबली. ते उतरले आणि दुभाजकावर जाऊन बसले.

"इंदू, मोजमापात फरक शून्य आला."

"चारदा सांगितलं तुम्ही."

"नळीनं फुंकून, हातानं बनवलेल्या वस्तू अशा केसभरही फरक नसलेल्या कशा निघतीन?" त्यांचा आवाज खाली गेला होता. "लोखंडात जुळलं तर पास असते. इथं उलटं हाये. जुळल्या म्हणजे साच्यातल्या. कारखान्यात हजारांनी काढलेल्या. दोन्ही."

तीस वर्षांत त्यांचा शेरा कधी बदलला नव्हता. आता ते स्वतःच्या हातांकडे असे पाहत होते, की इंदूला रागवायचं होतं ते राहूनच गेलं. तिला आई आठवली. पाहुण्यांसमोर फुलदाणी उचलायची, उजेडात धरायची, बाबांना हात लावू द्यायची नाही. साहेबानं फसवलं की साहेबच फसला होता, आता कोण सांगणार?

तिनं मांडीवरची गाठोडी सांभाळत विचारलं, "म्हणजे दोन्ही नकली?"

"दोन्ही."

"बरं. मानलं. पण याच्यातली आईची नकली कोणती, तेवढं सांगा."