बिनआग्रहाचा जावई

हर्षलला महिनाभरापासून आत्मप्रेरणेचा आजार जडला होता. मलकापुरातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान सांभाळत तो रोज सकाळी स्टेटसवर स्वतःचा व्हिडिओ टाकायचा. 'लोकांच्या कौतुकावर जगू नका, आतून पेटा,' असं त्यात ठासून सांगायचा आणि मग किती लोकांनी पाहिलं हे दुपारपर्यंत तपासत बसायचा. आतून पेटलेला माणूस घडीघडी बाहेर काऊन डोकावते, असं त्याची बायको पुष्पांजली विचारायची. पण बायकोच्या मताला त्याने कौतुकातही धरलं नव्हतं आणि टीकेतही नाही.

ते व्हिडिओ मनापासून, शेवटपर्यंत पाहणारा माणूस एकच होता. जळगाव जामोदचे त्याचे सासरे, शंकरराव.

अशात धोंड्याचा महिना लागला आणि सासरहून जेवायचं बोलावणं आलं. हा अधिक महिना जावयांनीच पंचांगात घुसवला असावा. सासूने पुरणाचे धोंडे तळायचे, सासऱ्याने कपडे करायचे, आणि जावयाने 'नको, कशाला' म्हणत सगळं घ्यायचं. 'नको' म्हणणं जावयाचं काम, ते न ऐकणं सासरच्यांचं. हर्षलला सासूबाई जनकाबाईंच्या हातचे धोंडे इतके आवडत की त्या दिवशी तो सकाळपासून उपाशी राहिला होता.

पंगतीत शेजारी साडभाऊ राजकुमार होता, म्हणजे मेहुणीचा नवरा, बीबी गावाहून आलेला. दोघांच्या पानात एकेक धोंडा पडला, वर तुपाची धार पडली. हर्षलने तो दोन घासांत संपवला. जनकाबाई दुसरा घेऊन आल्या तसा त्याने रिवाजाप्रमाणे हात आडवा केला.

"नको मामी. बस झालं."

"राहू दे वं," शंकरराव बायकोला म्हणाले. "जवाईबापू सोताच्या मनानं जेवतात. त्याइले आग्रह करनं म्हंजे त्याइच्या इचाराचा अपमान होते."

तो धोंडा राजकुमारच्या पानात गेला. 'नको नको' राजकुमारही म्हणाला, पण त्याचे कसलेच विचार प्रसिद्ध नसल्यामुळे त्याला आणखी तीन वाढण्यात आले. हर्षलने पुढच्या फेरीला 'नको' जरा हळू म्हटलं. त्याच्या पुढच्या फेरीला नुसतीच मान हलवली, तीही अशी की होकार वाटला तरी चालावा. शंकररावांनी तो नकारच धरला. त्यांची श्रद्धा पक्की होती.

मग कपडे आले. दोघांसाठी शर्टपँटचं एकेक कापड होतं आणि चांदीचा दिवा होता. हर्षलच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एवढं काहाले मामाजी?" आणि निघताक्षणी त्याला जीभ चावावीशी वाटली. शंकररावांचे डोळे भरून आले. मले हेच वाटलं होतं, असं म्हणून त्यांनी हर्षलच्या हातात नारळ दिला आणि दोन्ही कापडं राजकुमारच्या मांडीवर ठेवली. दिवाही तिकडेच गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण सासऱ्यांनी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. ज्याला काहीच लागत नाही असा जावई सगळ्यांना बघायचा होता. पुंजाजी म्हाताऱ्याने तर त्याच्या पायाकडे हात नेला. असा जवाई अख्ख्या तालुक्यात पाह्यला नाही, असं तो दोनदा म्हणाला. महिनाभर हर्षल ज्या कौतुकासाठी मोबाइल चोळत होता, ते आज रांग लावून दारात उभं होतं, आणि त्याच्या पोटात कावळे कोकलत होते. दहा माणसांची वाहवा एका धोंड्याएवढीही पोटात उतरत नाही, हे त्याला फार वाईट रीतीने कळलं.

दुपारी सगळे आडवे झाले. राजकुमार तर नवं कापड उशाशी घेऊन घोरत होता. हर्षल उठला, स्वयंपाकघरात गेला आणि लाज गिळून म्हणाला, "मामी, मले भूक लागली. धोंडे पायजेत."

जनकाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या हातात अर्धा धोंडा होता, आणि तो त्यांनी शांतपणे तोंडात टाकला.

"हा शेवटचा होता."

"बाकीचे?"

"म्याच खाल्ले. म्या बी पाह्यले न तुमचे व्हिडिओ," त्या बोटाचं तूप चाटत म्हणाल्या. "या घरात आली तवापासून लोक 'वा' म्हणले का माह्यं पोट भरे. उरलंसुरलं खायाचं अन् झोपायचं. आज म्हटलं, आपल्याले आवडते तं आपुन खावं. गरम गरम खाल्ले, जवाईबापू. लय मस्त झाले होते."

हर्षलचं म्हणणं खरोखर आचरणात आणणारा पहिला आणि एकुलता एक शिष्य त्याचंच जेवण जेवून बसला होता.

"पुरण हाय थोडं. कणीक बी हाय," जनकाबाईंनी बसल्या जागेवरून हनुवटीने दाखवलं. "तळून घ्या."

त्याने कढई चुलीवर चढवली. पारी एकीकडे जाड झाली, दुसरीकडे फाटली, निम्मं पुरण तेलात गेलं. जे हाती लागलं ते त्याने उभ्याउभ्याच खाल्लं, आणि तोंड भाजलं तरी थांबला नाही.

जनकाबाईंनी लांबूनच बघितलं. "वाकडा झाला. कच्चा बी राह्यला."

"हाव," हर्षल म्हणाला, आणि दुसरा तेलात सोडला.